इंटरडेंटल ब्रश, नऊ महिन्यांनंतर: एकाच फटीत मोडणारा ब्रश

या ब्रशला मी एकच तारा देणार होते. तक्रारीचा मजकूरसुद्धा मोबाइलमध्ये लिहून ठेवला होता: "सहापैकी तीन ब्रश पहिल्याच आठवड्यात मोडले. तार वाकते, केस गळतात. घेऊ नका." पाठवायचा तेवढा राहिला होता. मग लक्षात आलं की तिन्ही ब्रश एकाच जागी मोडले होते. खाली डावीकडे, पहिल्या आणि दुसऱ्या दाढेच्या मधल्या फटीत. बाकीच्या फटींतून तोच ब्रश बिनतक्रार आत-बाहेर होत होता.

माझी ३३ वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली, तंत्रज्ञ म्हणून. तिथली एक सवय अंगात मुरली आहे. वीस नळ्या लावल्या आणि एकीतच काही बिनसलं, तर मीडियाला, म्हणजे जिवाणू वाढवायच्या खाद्याला, शिव्या घालायच्या आधी ती नळी उजेडाला धरून बघायची. इथे नळीच्या जागी माझी दाढ होती आणि ती उजेडाला धरायची सोय नव्हती. म्हणून तक्रार बाजूला ठेवली आणि दंतवैद्यांची पुढची तारीख अलीकडे ओढून घेतली.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. परीक्षानळ्या धुवायचा ब्रश आठवतोय का शाळेतला? त्याचंच हे पिल्लू. पिळलेल्या बारीक तारेत अडकवलेले नायलॉनचे केस, मागे दोन पेरांएवढी मूठ, वर टोपण. दोन दातांच्या मधे, हिरडीच्या अगदी लगत जो तिकोनी बोळ असतो, त्यात तो घालायचा, दोन-तीनदा सरकवायचा, धुवायचा आणि पुढच्या फटीकडे जायचं. रोजच्या ब्रशचे केस दाताच्या पुढे, मागे आणि माथ्यावर फिरतात. दोन दात एकमेकांकडे तोंड करून उभे असतात त्या बाजूंना ते पोचतच नाहीत, आणि हिरड्यांचं दुखणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं.

माझंही तिथूनच झालं. सकाळी चूळ भरली की बेसिनमध्ये गुलाबी रेघ दिसायची. वर्षभर मी ब्रशच्या कडक केसांना दोष दिला. दुखत काहीच नव्हतं. या आजाराची खरी लबाडी तीच. दुखायला लागलं असतं तर मी आठव्या दिवशी गेले असते. शेवटी दाढेच्या कडेला हिरडी फुगली तेव्हा गेले.

हिरड्यांच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई, म्हणजे प्रोब, त्या दात आणि हिरडीच्या मधल्या खाचेत अलगद सोडत होत्या आणि आकडे सांगत होत्या. एकेका दाताला सहा जागी. "तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन." ऐकता ऐकता डोळा लागावा असा सूर. तीनपर्यंत सगळं ठीक, एवढं मला माहीत होतं. मग तोच सूर न बदलता "सात" आला आणि माझी झोप उडाली.

"काकू, इथे कधी सिमेंट भरलंय का?"

भरलं होतं, बऱ्याच वर्षांपूर्वी. कोणी भरलं ते इथे लिहीत नाही, त्याला आता अर्थ नाही. एक्स-रे काढला, पण त्यात दोन दाढा एकमेकींवर चढलेल्या दिसल्या आणि नेमकी मधली जागा झाकली गेली. डॉक्टरांनी सगळ्या तोंडाचं स्केलिंग केलं, म्हणजे कीटण खरवडून काढलं, त्या दाढेभोवती भूल देऊन मुळापर्यंत खोल सफाई केली आणि घरी वापरायला हा ब्रश लिहून दिला. त्यानंतरचा आठवडा म्हणजे वर सांगितलेले तीन मोडके ब्रश.

आता जे लिहिते आहे ते थोडं किळसवाणं आहे, पण टाळून चालणार नाही. तिसरा ब्रश मोडला तेव्हा मी तो हुंगला. बाकीच्या फटींत फिरवलेल्या ब्रशला पेस्टचा वास यायचा. याला आला तो वास मी ३३ वर्षं ओळखत होते. अ‍ॅनेरोबिक जारचं झाकण सात दिवसांनी उघडलं की जो भपकारा येतो, तोच.

ज्यांनी जार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. काही जिवाणू प्राणवायूत जगत नाहीत. त्यांचं कल्चर लावायचं तर प्लेट घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायच्या आणि आत एक पाकीट टाकायचं, ते प्राणवायू संपवून टाकतं. सोबत मिथिलीन ब्लूची पट्टी असते. ती निळ्याची पांढरी झाली की समजायचं, आत प्राणवायू उरलेला नाही. पट्टी निळीच राहिली तर झाकण कुठेतरी ढिलं आहे आणि आठवडा पाण्यात. हिरड्यांच्या आजारात ज्याचं नाव सगळ्यांत आधी घेतात त्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिसचे तर आणखी लाड. त्याला रक्त घातलेला आगर लागतो, वर हेमिन (रक्तातला लोहयुक्त घटक) आणि जीवनसत्त्व के, तापमान ३७ अंश, आणि मग धीर धरायचा. आठवड्याभराने वसाहती हळूहळू काळ्या पडतात, कारण रक्तातला लोहयुक्त रंग ते स्वतःच्या अंगावर साठवतात. एवढं करूनही कित्येकदा प्लेट कोरीच निघायची. ट्रेपोनेमा डेंटिकोला या नागमोडी जिवाच्या वाटेला तर आम्ही जातच नसू. डार्क फील्डखाली, म्हणजे काळी पार्श्वभूमी दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, तो वळवळताना दिसायचा, तेवढ्यावर समाधान मानायचं.

आणि माझ्या दाढेखाली हे सगळं आपोआप जमून आलं होतं. पाकीट नको, पट्टी नको, इन्क्युबेटरचं वीजबिल नको.

जमून कसं आलं? दात आणि हिरडी यांच्या मधली खाच उथळ असते तोवर तिथे लाळ पोचते, हवा पोचते, ब्रश पोचतो. तिथे राहतात ते मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकस आणि अ‍ॅक्टिनोमायसिस जातीचे, बऱ्यापैकी निरुपद्रवी जिवाणू. तो थर दिवसेंदिवस निघालाच नाही तर वरचे जिवाणू मिळेल तो प्राणवायू वापरून टाकतात आणि तळाशी काळोखी, कोंदट जागा तयार होते. मग फ्युजोबॅक्टेरियम येतो. तो लांब, टोकदार आणि चिकट. आधीच्यांनाही धरतो आणि नंतर येणाऱ्यांनाही. हिरडी सुजते. सुजलेली हिरडी दातापासून सुटते आणि खाच खोल होते. सूज म्हणजे उष्णता, त्यामुळे ती जागा शेजारच्या निरोगी खाचेपेक्षा गरम असते. हिरडीतून एक पातळ स्राव पाझरायला लागतो. तो खरं तर शरीराचा बचाव आहे, त्यात पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं असतात. पण तो रक्तद्रवासारखाच प्रथिनांनी भरलेला असतो, आणि ही मंडळी साखरेवर जगत नाहीत, प्रथिनांवर जगतात. प्रथिनं फोडली की अमोनिया सुटतो आणि तिथला सामू अल्कलीकडे सरकतो. दात किडवणाऱ्या जिवाणूंना आम्ल मानवतं, यांना त्याच्या उलट. म्हणून एकही दात न किडलेल्या माणसाच्या हिरड्या सडू शकतात. मी त्यातलीच. ती एक भरलेली दाढ सोडली तर मला दाताची कीड माहीत नव्हती आणि त्या तोऱ्यातच मी राहिले.

त्यात रक्त. ती गुलाबी रेघ म्हणजे त्यांचं हेमिन. आम्ही ते बाटलीतून मोजून घालत होतो.

गेली काही दशकं या विषयातले लोक हेच सांगत आले आहेत. फिलिप मार्श यांनी १९९४ मध्ये मांडलं की बाहेरून कोणी खलनायक येऊन आजार करत नाही; जागेची परिस्थिती बदलते आणि आधीपासून चिमूटभर असलेले जिवाणू बहुसंख्य होतात. २०११ मध्ये उंदरांवरच्या कामात दिसलं की पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस अगदी थोडा असला तरी बाकीच्या वस्तीला बिघडवतो, पण ज्या उंदरांच्या तोंडात दुसरे जिवाणूच नाहीत त्यांच्यात एकटा तो जबड्याचं हाड झिजवू शकत नाही. हे वाचलेलं होतं मी. वाचलेलं असणं आणि स्वतःच्या ब्रशला हुंगणं यात फरक आहे.

तर मी तिन्ही मोडके ब्रश पाकिटात घालून डॉक्टरांकडे नेले. मला वाटलं होतं हसतील. त्यांनी एकेक उचलून दिव्याखाली धरला. तार तिन्हींची एकाच ठिकाणी वाकलेली, केस एकाच बाजूचे कापल्यासारखे तुटलेले.

"काकू, हा तर रिपोर्टच आणलात तुम्ही."

कोन बदलून पुन्हा एक्स-रे घेतला. या वेळी दाढा सुट्या आल्या आणि मधे दिसली जुन्या सिमेंटची कड: दाताच्या रेषेबाहेर, हिरडीच्या खाली, घराच्या छज्जासारखी पुढे आलेली. ब्रश त्या कडेवर रोज घासून मरत होता. आणि छज्जाखाली काय होतं? हवा नाही, लाळ नाही, केस पोचत नाहीत. माझा जार. झाकण कुणीतरी वर्षांपूर्वी लावून दिलेलं, आणि खोल सफाई करूनही ते जागच्या जागी होतं.

यावर एक जुना आणि मला फार आवडलेला प्रयोग आहे. १९८३ मध्ये निक्लाउस लांग आणि सहकाऱ्यांनी काही निरोगी माणसांच्या दाढांवर मुद्दाम बाहेर आलेल्या कडेची भरणी काही आठवडे बसवली, आणि त्याच दाढांवर दुसऱ्या काळात अचूक कडेची. बाहेर आलेल्या कडेखालची जिवाणूंची वस्ती हिरड्यांच्या जुन्या रोग्यांसारखी व्हायला लागली, काळ्या वसाहतींचे जिवाणू वाढले. अचूक कड असताना तसं झालं नाही. माणूस तोच, तोंड तेच, लाळ तीच. बदलली ती एक मिलिमीटरभर जागा. प्रयोग म्हणून सुंदर, पण त्यात भाग घ्यायला मला कोणी विचारलं असतं तर मी पळून गेले असते. नकळत बरीच वर्षं घेतलाच होता म्हणा.

कड घासून सपाट करायला अर्धा तास लागला. बारीक पातं, मग घासपट्टी, मग दातांमधे फिरवायचा धागा (फ्लॉस) घालून तो अडकतो का ते बघणं. त्या संध्याकाळी तोच ब्रश त्या फटीतून एकदाही न अडखळता गेला. त्या फटीत आता एक ब्रश आठ-नऊ दिवस टिकतो, बाकीच्यांइतकाच.

आता वस्तू म्हणून काय आवडलं, काय नाही.

पहिले दहा दिवस रक्त येणार, घाबरून थांबू नका. मी थांबणार होते. सुजलेल्या हिरडीतून ब्रश फिरला की रक्त येतंच. रोज थर निघाला की सूज उतरते आणि रक्त थांबतं. यालाही पुरावा जुना आणि साधा आहे. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो यांनी १२ निरोगी जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्यात पूर्ववत झाल्या. अर्थात ती नुसती सूज होती. माझ्यासारखं हाड एकदा खाली गेलं की ते तेवढ्याने परत येत नाही.

माप हा या वस्तूचा सगळ्यांत वैतागवाणा भाग. मी पहिल्यांदा एकच मापाचं पाकीट घेतलं. पुढच्या खालच्या दातांत ते शिरेना, मागच्या दाढांत ढिलं पडे. ढिला ब्रश फटीतून जातो, पण दातांना घासत नाही, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं आणि झालेलं नसतं. केस दोन्ही दातांना लागले पाहिजेत आणि तार दाताला खरवडता कामा नये. मला तीन मापं लागतात. मापांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, ब्रश किती रुंद भोकातून जातो त्यावर क्रमांक ठरतो, पण कंपन्या पाकिटावर ठळक छापतात तो रंग, आणि रंग प्रत्येक कंपनीचा वेगळा. एकीचा निळा तो दुसरीचा निळा नाही. क्रमांक असलाच तर मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात. चष्मा लावूनही मला भिंग घ्यावं लागलं. मापं स्वतः ठरवू नका, डॉक्टरांकडून प्रत्येक फटीचं माप लिहून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

मूठ आखूड आहे. वरच्या शेवटच्या दाढांपर्यंत जाताना गाल आडवा येतो. तोंड पूर्ण उघडलं की गाल ताणला जातो आणि जागा उरत नाही, हे कळायला मला महिना लागला. अर्धवट मिटून, तार बोटाने किंचित वाकवून घातली की जाते. लांब दांड्याचा प्रकार मिळतो, दुखऱ्या बोटांच्या माणसाने सरळ तोच घ्यावा. टोपणाला भोक आहे ते चांगलं, ओला ब्रश आत कोंडून ठेवू नये एवढं तरी निर्मात्याला कळतं. दर आठवड्याला प्लास्टिकच्या तीन मुठी कचऱ्यात जातात ते मात्र खटकतं.

दात एकमेकांना घट्ट चिकटलेले आणि हिरडी फट पूर्ण भरून असलेल्या तरुणांनी हा ब्रश जोर लावून घुसवू नये. त्यांना धागा बरा.

याच्या आधी आणि जोडीने मी जे वापरलं त्याबद्दल थोडक्यात. क्लोरहेक्सिडिनची चूळ, ०.२ टक्के, खोल सफाईनंतर दोन आठवडे. प्लेटवर ती भल्याभल्यांना मारते, मी स्वतः पाहिलं आहे. पण चूळ सात मिलिमीटर खोल कपारीत शिरत नाही, आणि शिरली तरी रक्त आणि प्रथिनांपुढे तिची धार कमी होते. दातांवर तपकिरी डाग पडले, जिभेची चव गेली ती वेगळीच. डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरती ठीक. पाण्याची धार मारणारं यंत्र मला आवडलं, हिरडीला बरं वाटतं, अडकलेले कण निघतात, धार थोडी खाचेत उतरते. पण चिकटलेला थर धारेने पुरता सुटत नाही. परीक्षानळीत सुकलेला थर नुसत्या नळाखाली धरून कधी निघालाय? ब्रश घालावाच लागतो. माझं यंत्र आता आठवड्यातून दोनदा चालतं.

गोळ्यांबद्दल एका मैत्रिणीने विचारलं. मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाची चकती प्लेटवर ठेवली की अ‍ॅनेरोब भोवती मोठं स्वच्छ वर्तुळ देतात, म्हणून तिला वाटलं गोळीनेच भागेल. प्लेटवर ते विरळ पसरलेले असतात, दातावर चिकट थरात एकमेकांना धरून. शिवाय छज्जा तसाच राहिला असता तर गोळ्यांचा कोर्स संपल्यावर तेच भाडेकरू परत आले असते. गोळी कधी लागते ते डॉक्टर ठरवतील.

जागा बिघडवणाऱ्या गोष्टी आणखीही असतात. वाकडेतिकडे दात, ढिली कॅप, खडबडीत कीटण, तोंडाने श्वास घेऊन सुकलेली हिरडी. खालच्या पटाशीच्या दातांमागे कीटण लवकर जमतं, कारण लाळेच्या नळ्या तिथे जिभेखाली उघडतात. तंबाखू ओढणाऱ्यांची गंमत वेगळी: रक्तवाहिन्या आकसल्याने त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणजे माझी ती गुलाबी रेघ त्यांना दिसतच नाही, आणि आत खाच खोल होत राहते. मधुमेहासारखी सगळ्या शरीराची कारणं आहेतच, पण मला नव्हता.

तीन महिन्यांनी मोजलं तेव्हा साताचे पाच झाले होते. परवा, नवव्या महिन्यात, चार, आणि प्रोब घातल्यावर रक्त नाही. सगळंच भलं झालं असंही नाही. सूज उतरली तशी हिरडी खाली बसली, दोन दाढांच्या मधे काळी खिडकी दिसते आणि गार पाणी तिथे झोंबतं. त्या फटीला आता एक माप मोठा ब्रश लागतो.

वर उजवीकडे शेवटच्या दाढेला मागच्या बाजूने अजून पाच आहे. तिथे मुळांना फाटा फुटतो आणि हाड थोडं झिजल्याने तो फाटा उघडा पडला आहे. ब्रश त्याच्या तोंडापर्यंत जातो, आत वळत नाही. एका केसांच्या झुपक्याचा छोटा ब्रश आणलाय, त्याला अजून तीनच आठवडे झालेत. हुंगते रोज. अजून पेस्टचा वास येत नाही.

चार तारे. पाचवा मापाच्या छपाईपायी कापला.